गल्ली नंबर चारपासून

लायडनला यूप नावाचा उंच पोरगा
पुढे सायकल चालवत मागे वळून बोलायचा.
डावा हात : कालवा.
उजवा हात : पवनचक्की, राजा, वेढा, दुष्काळ.
आम्ही अकरा जण बदकाच्या पिलांसारखे,
मी शेवटी, साडी गुडघ्यापाशी पिनेनं धरलेली.
(लेक म्हणाली होती, आई, पँट घाल.)

एका दारापुढे त्यानं पाय टेकला.
फरसबंदीत पितळी चौकोन, तळहाताएवढा.
इथे राहायचे, म्हणाला.
नाव वाचलं. जन्मसाल वाचलं.
घरातून नेल्याचं साल वाचलं.
मग घंटी वाजवून निघाला, पुढे चीजचं दुकान होतं.
चौकोन मात्र माझ्या चाकाच्या आऱ्यांत अडकला
आणि खडखडत धुळ्यापर्यंत आला.

मार्चातला रविवार, ऊन चढायच्या आत.
मुनाफभाईंकडून सात सायकली, तासाला वीस.
साखळीला तेल सोडत ते म्हणाले,
"मॅडम, धुळ्यात बघायचं तरी काय?"
मी यूपसारखा डावा हात केला.
डावीकडे गल्ली नंबर चार.
उजवीकडे गल्ली नंबर पाच.
कुणी घाईत उजळणी लिहून ठेवावी
अन् माणसं मागाहून भरावीत, तशा गल्ल्या.
राजा आठवेना. वेढा आठवेना.
इथे पूर्वी पावभट्टी होती, एवढं म्हणाले,
तर तेजल म्हणाली, मग?

तेवढ्यात मागून निंबा टेलर ओरडले,
सत्तरीचे, ब्रेक नसलेल्या सायकलवर, चपला घासत :
"आठे थांबा! आठेच!"
त्यांनी छपरांच्या वर बोट केलं.
तिथे काही नव्हतं. एक घार, डिशच्या छत्र्या.
"तठे गिरणीनी चिमनी व्हती.
मना बाप भोंगा वाजाडे.
सबन गावना घड्याळ त्याना भोंगावर चाले.
आमना घरमा मातर घड्याळ नव्हतं."

नाव काय वडिलांचं?
त्यांनी आधी टोपी काढली. मग म्हणाले,
"दोधू उखा."

तेजलनं कौलाचा तुकडा उचलला,
डांबरावर लिहिलं : दोधू उखा. भोंगा.
साल निंबांना आठवेना, ती जागा कोरी ठेवली.
रिक्षा आली, अक्षरांवरून गेली.
अक्षरं थोडी राहिली.

मग कमलताईंना त्यांचा ओटा सापडला,
कुणाला शिकवणीतला मार, कुणाला पाण्याचा नळ,
जो तो म्हणे, आठे थांबा.

पांझरेचा पूल राहिलाच.
मुनाफभाईंनी तीन तासांचे पैसे लावले
आणि विचारलं, कुठवर गेला होता?
गल्ली पाच, मी म्हणाले.
तीसुद्धा अर्धीच.