सरासरी

गच्चीवरून वाळलेले मोजे आणत होतो, तेवढ्यात ती आली,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट,
भदौरिया आडनावाची, गारठ्यानं नाक लाल.
जनकगंजातली एकवीस घरं झाली होती, आमचं बाविसावं.

धर्म? सहा चौकोन, सातवा 'इतर'.
'इतर' दाबलं की खाली : कोणता ते लिहा.
म्हटलं, कोणताच नाही.
तिनं तसंच लिहिलं. पडदा लाल झाला, पुढे जाईना.

वेळ वाचावा म्हणून पुढचा प्रश्न तिनं आधीच वाचला :
देवाचे आभार तुम्ही केव्हा मानता?
रोज, आठवड्यातून, सणासुदीला, की फक्त अडचणीत?
"अंकल, कुछ तो भरना पड़ेगा."
दारावरच्या तोरणाकडे बघून
तिनं 'सणासुदीला'वर बोट टेकवलं.

रागावलो नाही. मोरेन्याची गजक दिली तिला.
एकतीस वर्षं मीही दारोदार हिंडलोय,
वीजमंडळाची सायकल, टॉर्च, कानावर पेन्सिल.
कुलूप दिसलं की लिहायचो : घर बंद, सरासरी.
मागच्या तीन महिन्यांवरून आकडा काढायचा,
बिल जायचं, लोक भरायचेसुद्धा.
छत्री बाजारात एका घरी वर्षभर कुणीच राहत नव्हतं
आणि माझ्या वहीत तिथं दर महिन्याला
बावन्न युनिट उजेड पडत होता.

चार दिवसांनी बातमीदार आला, तिच्याकडूनच कळलं असावं.
नाव त्र्यंबक, आणि देव मानत नाही?
नाव मी ठेवलेलं नाही, म्हटलं.
पण काय घडलं होतं? कुणी गेलं? आजार? मुलगा?
काही नाही हो.
चष्म्याचा नंबर बदलतो तसं,
कळलं तेव्हा बदलून बरेच दिवस झाले होते.
त्याचं पेन हललं नाही.

फोटोसाठी म्हणाला, देव्हाऱ्याकडे पाठ करा.
तेवढ्यात शरयू आली, जरा सरका, दिवा लावायचाय.
तिचे हात कापतात, म्हणून वाती मी वळतो.
यावरून आमचं कधी वाजलं नाही,
वाजतं ते दूध उतू जाण्यावरून.
हे त्यानं लिहून घेतलं नाही.

रविवारी आलं : शहर अठ्ठ्याण्णव टक्के श्रद्धाळू.
खाली चौकटीत मी. 'देवावर रुसलेला एकाकी वृद्ध.'
म्हणजे वरच्या आकड्यातही मी
आणि खालच्या चौकटीतही मीच.
रुसायला समोर कुणी असावं लागतं,
पण ते कुणाला सांगायचं.
शरयूनं चष्मा पुसून दोनदा वाचलं.
"एकाकी?" म्हणाली. "मग मी कोण?"
आणि त्याच पानावर वाटाणे सोलायला बसली.

घर बंद, सरासरी.

अगं पण मी तर दारातच होतो, पोरी,
मोजे खांद्यावर,
गजकेचा डबा उघडा.