लाल कोट

पारोळ्याच्या पुढे, हायवेला लागून, मंगल कार्यालय.
नवरदेव घोडीवर बसायचाय अजून
आणि मी जनरेटरच्या गाडीमागे
ट्रम्पेटमधलं पाणी काढतोय.
तिसऱ्यांदा. पाणी नाहीच आत.

बावीस वर्षं वाजवतोय.
वरातीत कोण ऐकतं, सांगा?
पोरं नाचतात, बाया पदर सावरतात,
सूर चुकला तर घोडीसुद्धा कान हलवत नाही.
तरी त्या एका वरच्या सुराजवळ आलो
की ओठ दुसऱ्याचे होतात.

गेल्या वैशाखात, चोपड्याला,
सूर आलाच नाही. नुसती हवा.
झिपरूने ढोलावर दणकून ते भोक बुजवलं.
कुणाला कळलं नाही.
मला कळलं. मला अजून कळतंय.

जळगावच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढला.
'धंदा?'
'ट्रम्पेट.'
खिडकीतल्या बाईने लिहिलं: मजुरी.
डॉक्टरीण पोरसवदा. म्हणाली, भीती कशी वाटते?
म्हटलं, म्हैस अंगावर आल्यावर वाटते तशी,
फक्त म्हैस नसते.
तिने बारकी गोळी लिहून दिली,
वाजवायच्या तासभर आधी घ्यायची.
आणि म्हणाली, घरी बोला कुणाशी तरी.

घरी बायको विचारते, 'काय व्हयनं?'
मी म्हणतो, 'काही नही. गरम व्हई ऱ्हायनं.'
पौषातसुद्धा.

कोट सगळ्यांचे सारखेच, लाल, पिवळी झालर.
आज घाईत मी हिलाल मास्तरांचा चढवला.
क्लॅरिनेटवाले मास्तर,
ज्यांच्या खाकरण्यावर अख्खा बँड सरळ उभा राहतो.
खिशात हात गेला:
तंबाखूची पुडी, एक चिरलेली रीड,
आणि तीच गोळी. तीच पट्टी.
दहातल्या सात फोडलेल्या.
मोजल्या मी. का मोजल्या, माहीत नाही.

मान वर केली तर
समोर माझ्या कोटात मास्तर.
त्यांचाही हात खिशात.

झिपरूने थाप दिली. कोट बदलायला वेळ नव्हता.

वरच्या सुराच्या अलीकडे
मास्तरांनी एक हरकत जास्तीची घेतली,
गाण्यात नसलेली,
आणि माझ्याकडे न बघता तिथेच थांबले,
एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवून
मागून येणाऱ्यासाठी कुणी गाडी अडवावी तसे.

आलो मी.
उशिरा, जरा फाटका,
पण आलो.

पंगतीत वरणात बट्टी चुरताना
मास्तर एवढंच म्हणाले,
'बाही आखूड पडस तुले.'