उंबरठा

हात टेकले, म्हणतात लोक, हरल्यावर.
माझा उजवा हात टेकतच नाही.
मांडीवर ठेवला तरी
न दिसणारी नाणी मोजत बसतो.
एकतीस वर्षं याच हातानं
त्रिएस्तेच्या धक्क्यावर क्रेन चालवली,
कॉफीची पोती जहाजातून उचलून
अंड्यासारखी अलगद खाली ठेवली.
आता कपातली कॉफी ओठापर्यंत आणायची
तर निम्मी बशीत उतरते.

मंगळवारी आणि शुक्रवारी
यास्ना आम्हाला पडद्यासमोर उभं करते.
पायाखाली पाट, पाटाला वायर,
पडद्यावर होडी.
डावीकडे झुकलो की होडी डावीकडे.
उजवीकडे झुकायचं ठरवेपर्यंत
खडक आलेला असतो.
पाण्यावरचे कंदील गोळा करायचे,
एका कंदिलाचे दहा गुण.
बुडालो की यंत्र पिपाणी वाजवतं,
अगदी आनंदानं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं,
बंदरात जन्म काढलेल्या माणसाला
ही असली होडी?
यास्ना म्हणाली, नेरेओ, बोलू नका. गुडघे वाकवा.

शेजारच्या पाटावर ओंदिना.
भूगोल शिकवायची, नद्या अजून तोंडपाठ.
चेहरा मात्र हलत नाही;
विनोद सांगते तो भिंतीपलीकडून आल्यासारखा,
आपण हसायला एक क्षण उशीर करतो.
तिचे चारशे दहा. माझे एकशे ऐंशी.
घरी मी तीनशे सांगितले.
खोटं बोलतोस तेव्हा हात जास्त हलतो,
लिदिया म्हणाली.
म्हणजे आता पत्ते खेळायचीही सोय राहिली नाही.

खरी अडचण खडकांची नाही, दारांची आहे.
मोकळ्या खोलीत मी चालतो.
दार आलं की तळवे फरशीला चिकटतात.
मी कधी कुणाचे उंबरठे झिजवले नाहीत,
ना नोकरीसाठी, ना बढतीसाठी;
आता स्वयंपाकघराचा एक उंबरठा
मला झिजवतो आहे.
यास्नानं घरी येऊन
पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या फरशीभर.
पट्टी ओलांड म्हटलं की पाय उचलतो.
चाल म्हटलं की नाही.
असं का, मी विचारलं.
तिनं मेंदूबद्दल बरंच काही सांगितलं, मग म्हणाली,
पायाला काम द्यावं लागतं,
नुसता हुकूम पुरत नाही.

फेब्रुवारीत बोरा सुटली.
डोंगरावरून उतरून वारा समुद्राकडे धावला
कौलं, छत्र्या, कचऱ्याचे डबे घेऊन.
चढाच्या रस्त्याला दोर बांधले होते.
आम्ही दोघं केंद्रातून निघालो
आणि पाहिलं:
वकील, पोस्टमन, कॉलेजची पोरं,
सगळे कमरेत वाकलेले, पाय फरफटत,
दोराला धरून इंचाइंचानं.
बघ, ओंदिना म्हणाली,
आज सगळं शहर आपल्या वर्गात.
मी मोठ्यानं मोजत होतो,
एक, दोन, टाच, तीन,
वजन डावीकडे, आता उजवीकडे,
आणि कंदील एकही नव्हता.

कोपऱ्यावरच्या कॅफेचं दार.
तिथं थिजलो.
मागे माणसं, पुढे ऊब,
मधे बोटभर उंचीचा उंबरठा.
वेटरनं दार धरून ठेवलं, वारा आत घुसत होता,
रुमाल टेबलांवरून उडत होते.
कुणी ओढलं नाही. बरं झालं.
ओंदिनानं आपला थरथरता पाय पुढे केला,
माझ्या पायासमोर आडवा,
चिखलानं माखलेला तपकिरी बूट.
ओलांड, म्हणाली.
दहा गुण.