कुपी क्रमांक एक्केचाळीस

अतिनील म्हणजे निळीच्या पलीकडचं,
धोतरांना आयुष्यभर नीळ दिलेल्या बारकूबाईला
मी एवढंच सांगू शकलो.
"दिसत नाय, त मग जालतं कसा?"
वाकळणच्या खाचरात गुडघाभर चिखलात मी,
डोळ्यांवर काळा चष्मा,
बांधावर जनरेटरची धडधड.

सहा वाफ्यांवर खरे दिवे, सहांवर फसवे.
तीच जांभळट झाक,
फक्त झिल्ली गुंडाळून तिखट भाग अडवलेला.
दर दहा मिनिटांनी पारदर्शक पेटीच्या रबरी बुचात
सुई खुपसायची, वायू ओढायचा, कुपीत भरायचा.
भाताची काडी आतून पोकळ.
चिखलातला मिथेन तिच्यातून वर येतो
फुंकणीतून श्वास जावा तसा,
फक्त फुंकणारं कुणी दिसत नाही.

दिव्याखालचं भात खुजं राहिलं, फुटवे कमी.
वायू कधी उणा, कधी तेवढाच,
आणि एका मंगळवारी उगाच दुप्पट.
मी वहीत पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं,
मॅडमनी ते खोडलं.
मग त्यांनीच पुन्हा काढलं, पेनानं.

चैत्रात माती न्यायला गेलो.
भेगाळलेल्या खाचरात लोखंडी नळी ठोकत होतो,
पंधरा सेंटिमीटर कार्बन, प्रत्येक वाफ्याचा वेगळा.
बारकूबाईनं हाताला धरून उडवीपाशी नेलं.
वरचा पेंढा राखेच्या रंगाचा,
मुठीत घेतला तर भुगा.
हात आत घालून तिनं खालचा ओढला,
पिवळाधमक, अजून भाताचा वास असलेला.
"उन खातं वरचा. ढोरांना आतला घालाचा.
तुझ्या दिव्यानं वेगला काय सांगलान?"

मी काहीच बोललो नाही.
तीन वर्षांचा प्रकल्प, एक उडवी.
तरी किती खातं, आणि खाल्लेलं जातं कुठं,
हे तिलाही सांगता येत नव्हतं.
तिनंच विचारलं ते, मघाचंच, दुसऱ्या शब्दांत.

मग म्हणाली, माझ्या शेताची पण हवा घे.
शेत म्हणजे रस्त्यापलीकडचा भराव,
मुरूम, डेब्रिज, फुटक्या टाइल्स,
कडेला बावीस मजल्यांचं चित्र असलेला पत्रा.
इथं राता पिकायचा, म्हणाली, लाल, खाऱ्या पाण्यातला.
पेटी टेकायला सपाट जागा सापडेना.
तिनं पायानं टाइल्स सरकवल्या,
पदराला हात पुसून पेटी दोन्ही हातांनी दाबून धरली.
शून्य मिनिटं. दहा. वीस.
शेजारून मिक्सर गेला, काच थरथरली.

घणसोलीला यंत्रात कुपी लावली.
चिठ्ठीवर माझंच अक्षर:
एक्केचाळीस. पीक नाही. दिवा नाही.
कागदावर एक बुटकं शिखर उमटलं,
रस्त्यावर कुठंही मिळेल तेवढं.
साधी हवा.

अहवालात ही ओळ नाही.
कुपी मी परत केली नाही, खणात आहे.
पुढच्या फेरीला ती बांधावर बसलेली असेल,
आणि विचारील,
"निंगला काय?"