काट

एस्पेदितोच्या वखारीत आता उंबुराना नाही.
पाइन आहे, दाबलेल्या भुशाचे तक्ते आहेत,
निलगिरी आहे, तिच्यात सुरी शिरते
ती फक्त अडकायला.
"त्या झाडांचे संत झाले," तो म्हणतो,
"उरलेल्यांची मधमाश्यांची खोकी."

मी तरी मागपर्यंत जाते.
न विचारता मागपर्यंत जाणं
एवढंच माझ्या धंद्याचं भांडवल.

तिथं एका गव्हाणीची फळी.
बकऱ्यांनी चाटून कड काचेसारखी केलेली,
मधोमध गाठ.
"गाठीचे पैसे कमी कर."
"गाठ म्हणजे तर जास्तीचं लाकूड, झुलेइदे."
अर्धा तास आम्ही त्या गाठीवरून भांडलो.
शेवटी आठ रेआल,
आणि नातीच्या बाप्तिस्म्याचं एक चित्र, उधार.

सुरी छत्रीच्या काडीची, घरीच धार लावलेली.
शाई काम्पिनातल्या बंद पडलेल्या छापखान्याची,
तळाशी रुसून बसलेली;
रॉकेलचे चार थेंब घालून समजूत काढावी लागते.
कागद मात्र रोख.
कागदवाला उधारी ठेवत नाही,
त्याच्या भिंतीवर तशी पाटी आहे,
माझ्याच ठशानं छापलेली.
तिचे पैसे अजून यायचेत.

गाठ टाळता येईना
म्हणून गाठीचाच डोळा केला बकरीला.
खाली नाव कोरलं, उलटं.
एकोणतीस वर्षं झाली,
अजूनही 'एस' कुठल्या बाजूला पोट काढतो
ते आरशाला विचारते.
मग मावशीच्या गुऱ्हाळातली पळी घेतली
आणि तिच्या पाठीनं कागद घासत राहिले,
ओला आवाज कोरडा होईपर्यंत.

शनिवारच्या बाजारात दोरी, दोरीला चिमटे.
दुपार झाली तरी भवानी नाही.
शेजारी जेनिवाल्दोच्या कोंबड्या.
त्याची एक कोंबडी म्हणजे माझ्या तीन बकऱ्या.
"तुझ्या रात्रीत मरत तरी नाहीत,"
तो म्हणाला, सांत्वन म्हणून.

मग दोना हेलोईझा, साओ पाउलोहून आलेली,
चष्मा कपाळावर.
"वीस प्रती. सगळ्या मी घेते.
खाली आकडे घाला, एक छेद वीस, दोन छेद वीस.
आणि नंतर ठोकळ्यावर काट मारा, माझ्यादेखत.
नाहीतर किंमत राहत नाही."

मी फळीवर हात ठेवला.
हिच्यातून हजार निघाल्या असत्या,
हजार दारांमागे लटकल्या असत्या
धुरकट होत.
पण वीस प्रतींचे पैसे म्हणजे
चार महिन्यांचा कागद आणि वाल्दिरची दाढ,
जी त्याला रात्री रडवते.

मारली काट.
या कोपऱ्यातून त्या, मग उलट.
एवढं जुनं, चाटलेलं लाकूड,
तरी कापताना वास आला त्याला,
गोड, ताज्या झाडासारखा.
गाठीपाशी सुरी घसरली, बाजूनं निघून गेली.
बाईंनी फोटो घेतला, पुरावा.

झोप लागेना.
रूळावर शाई उरली होतीच,
फुकट कशाला घालवा?
एक कागद ठेवला, नुसतं बघायला.

कोरलेलं ते पांढरं उमटतं.
बकरीवरून दोन पांढऱ्या तारा गेल्या होत्या.
मी आणखी तीन कोरल्या, आणि दोन खांब.
दोना हेलोईझाला कळलं तर?
तर सांगेन, तुमची ती मोकळी होती.
ही दुसरी.

पुढच्या शनिवारी दोरीच्या टोकाला टांगली,
आकड्याविना.
कातडी टोपीतला एक म्हातारा गुराखी
बराच वेळ समोर उभा.
"कुणाच्या कुंपणात गेली ही?"
मी काही बोलले नाही.
त्यानं तारा मोजल्या, बोटानं, न टेकवता.
डोळ्यापाशी बोट थांबलं.
डोळा तेवढा अख्खा होता, काळा.

"केवढ्याला?"
"आठ रेआल."
त्यानं खिशातली चिल्लर तळहातावर ओतली,
चाळली, पुन्हा बकरीकडे पाहिलं.
"कुंपणाचे पैसे कमी कर," म्हणाला.