धुवण

घणसोलीच्या खाडीकडे रस्ता संपतो
आणि विजेच्या तारांखाली तिवरं सुरू होतात,
तिथे हसुराम म्हात्र्यांचा तबेला.
तीन घोड्या, एक टेम्पो,
बिसलेरीच्या खोक्यात घडी घातलेल्या आरशांच्या झुली,
तुरे, गोंडे, पुढल्या सीझनची सगळी लग्नं.

पांढरी रेवडी दोन वर्षं उलटत होती.
"वांझोटी हाय, बाई," हसुराम म्हणाले,
"मालेगावचा एकजण घेतोय. तुम्ही नुसता कागद द्या."

कागद मी मागच्या महिन्यात दिलाच होता.
बोळा घेतला, पेटीत ठेवला दोन दिवस, सदतीस अंशांवर,
आणि सहीच्या वर छापलं: वाढ नाही.
तेव्हापासून ते दोन शब्द
चपलेतल्या खड्यासारखे टोचत होते.
बोळ्याने शिवावी नखाएवढी जागा,
आणि आत केवढ्या घड्या, केवढे कोपरे.
देवळीतून बोट फिरवून
सगळं घर स्वच्छ म्हणावं, तसं केलं होतं मी.

म्हणून पुन्हा आले. न बोलावता.
माजाचा दुसरा दिवस.
शेपटीला पट्टी गुंडाळली, कोमट पाण्याने धुतलं,
कापूस पांढराच परत येईपर्यंत धुतलं.
शेपूट धरायला हसुरामांची सून, प्रणिता.
खांद्यापर्यंत हातमोजा चढवला
तेव्हा रेवडीने एकदाच मान वळवली.
फटाके, बँजो, दारू प्यायलेले करवले,
रिकीब कधी न पाहिलेल्या नवरदेवांच्या टाचा,
एवढं सोसलेली ती.
माझा हातही त्यातच जमा केला असावा.

पडद्यावर काळा पट्टा. त्यात करडे कण,
सावकाश फिरणारे.
"ह्या काय?"
"पाणी. इतकं असायला नको."

साठ मिली सलाईन आत सोडलं,
बाहेरून नाही, आतूनच, तळहाताने
हलकं हलकं चोळलं,
नळी खाली धरली.
परत आलं निम्मं, जेमतेम.
नितळ गेलं होतं,
आलं ते तांदळाच्या धुवणासारखं.

टेम्पोच्या फाळक्यावर सूक्ष्मदर्शक मांडला.
गाळाचा थेंब काचेवर पसरला, वाऱ्यावर वाळला,
तीन बरण्यांत बुडाला; शेवटची बरणी जांभळी.
रबाळ्याकडून कंपनीचा वास येत होता,
मला त्या दिवशी तो उशिरा कळला.

काचेखाली तिच्या स्वतःच्या पेशी,
फरशीसारख्या जुळलेल्या, गप्प.
आणि त्यांच्यामधून धावत आलेल्या दुसऱ्या,
पोटातला गोळा तीन तुकड्यांत मोडलेल्या.
एका वर्तुळात सात. पुढच्यात नऊ.
मी मोठ्याने मोजत होते
आणि पाठीमागून कुणीतरी बेरीज करत होतं.
शेवटी तिलाच डोळा लावायला दिला.
"मांजराची पावलं," प्रणिता म्हणाली,
"ओट्यावर दूध सांडलं की उमटतात तशी."
मी एवढी वर्षं शिकवते, मला हे सुचलं नव्हतं.

हसुराम लांबूनच: "मग वांझोटी?"
"आजारी."
"किमतीत फरक पडतो का?"
"पडतो."
त्यांनी मालेगावला फोन लावला आणि
बोलत बोलत तिवरांपर्यंत चालत गेले.

तिसऱ्या दिवशी, रक्ताच्या ताटलीत
दहिवरासारखे ठिपके,
प्रत्येकाभोवती उजेडाचं बारीक कडं.
जुना कागद फाडला नाही,
नवा त्यालाच टाचून घेऊन गेले.
पहिलं औषध सोडलं, हात धुवायला नळाशी बसले.

प्रणिता तांब्याने पाणी घालत होती,
गरजेपेक्षा हळू.
"असा धुवण बायांचाबी बघतात?"
"बघतात. आधी साध्या तपासण्या, मग ते."
पाणी थांबलं. साबण कोपरावर तसाच.
घरात टीव्ही चालू होता, सासऱ्यांचा खोकला.
मग तिने विचारलं, घोडीकडे बघत:

"आन् घोडा? घोडा तपासला कुणी?"

मी वही उघडली, ओल्या हातानेच.
घोडीचं वय होतं, माजाच्या तारखा, पेशींचा आकडा.
घोड्याचा रकाना
मी रिकामा सोडला होता.