आठ कोन

कॉर्नफ्लेक्सची रिकामी खोकी कापून मी कार्डं केली,
नातवाच्या उरलेल्या रंगांनी रंगवली.
लाल जरा जांभळट झाला. चालेल म्हटलं,
परीक्षेत कुणी छटा विचारत नाही.

एनॉस टोपी मांडीवर ठेवून बसला.
बावीस वर्षांचा, हातांना कच्च्या ओकचा वास,
घर सोडून चौथा महिना,
पट्ट्याऐवजी अजून गॅलिसच.

"हे बघ, आठ कोन. थांबा.
बर्फाने अक्षरं बुजली, पाटी पाठमोरी दिसली,
तरी कोनांवरून कळतं."
त्याने बोटाने कड चाचपली, एकेक कोन मोजला.
"आमच्यातही आठवर थांबतात, व्हर्ना," म्हणाला,
"आठवी झाली की शाळा संपली."
हसला की नाही, सांगता यायचं नाही.

पाच कोनांची, घरासारखी: शाळा.
पिवळी गोल: पुढे रूळ.
टोक खाली केलेला त्रिकोण: दुसऱ्याला आधी जाऊ दे.
"हे येतं मला. हे लहानपणापासून येतं."

मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली,
मग त्याच्याच आमिश लोकांना माझ्या व्हॅनमधून
दाताच्या डॉक्टरकडे, लिलावाला, मयतीला नेलं,
मैलामागे ठरलेल्या पैशांत.
ते गाडीत बसतात, गाडी घेत नाहीत.
यात खोट काढणारी मी कोण,
मीही चर्चला जाते आणि लॉटरी घेते.

टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाशी मात्र तो अडला.
सावध, पुढे वळण.
"पिवळा," एवढंच म्हणाला, बऱ्याच वेळाने.
आईच्या गोधड्यांत निळा असे, काळा, वांगी, मातकट.
पिवळा तिने कधी शिवला नाही.
कापडाच्या दुकानात एकदा, पिवळ्या ताग्यावरून
हात फिरवताना त्याने तिला पाहिलं होतं.
त्याला पाहून तिने दोऱ्याचं रीळ मागितलं.
काळं.

शेवटचं कार्ड मी लांबवत होते.
नारिंगी त्रिकोण, भोवती लाल काठ:
हळू चालणारं वाहन.
त्याच्या बापाने हा त्रिकोण बग्गीला लावला नाही.
भरवसा रंगावर ठेवू की देवावर, असं काहीसं
न्यायाधीशाला विचारलं, दंड भरला नाही,
अकरा दिवस काउंटीच्या तुरुंगात बटाटे सोलून आला.
एनॉसने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.
"आम्ही राखाडी पट्टी लावतो. आणि कंदील."
मग म्हणाला, "म्हणजे, ते लावतात."

चाळीस प्रश्न होते. एकोणचाळीस बरोबर आले.
चुकला कोणता, मी विचारलं नाही.

संध्याकाळी व्हॅनची चावी त्याला दिली.
मका कापून झालेला, दोन्हीकडे नुसते खुंट,
आणि उतार संपता संपता पुढ्यात एक काळी बग्गी.
मागे राखाडी पट्टी. डाव्या अंगाला कंदील.
त्याने पाय सैल केला.
आम्ही घोड्याच्या चालीने चालू लागलो, मैलभर.
मागून एक ट्रक येऊन थोपला, तोही बिचारा गप्प.
"रेघ तुटक आहे," मी म्हटलं, "ओलांडता येईल."
"माहीत आहे."
थोड्या वेळाने: "घोडा ड्यूक आहे.
मागचा डावा पाय असा फेकतो."

बग्गीतून एक हात बाहेर आला.
काळी बाही, उघडा पंजा,
दोनदा पुढे हलला: जा.
याचं कार्ड मी केलं नव्हतं.

एनॉसने डावा दिवा लावला, आरशात पाहिलं,
खांद्यावरून पाहिलं, सगळं शिकवल्याप्रमाणे.
फक्त बग्गीच्या बाजूने जाताना
समोर पाहत राहिला.
मी पाहिलं.

पुढे कितीतरी वेळ डावा दिवा टिकटिकत होता.
रस्ता सरळ होता.
मी काही बोलले नाही.